भाव चांगला आला

सोलापूर, १२ जानेवारी २०२५

यशपाल,

'दादा' मुद्दाम लिहिलेलं नाही. विसरले असं समजू नकोस.

परवा मी तुला एक फोटो पाठवला. तू तो पाहिलास, निळ्या खुणा उमटल्या, आणि लगेच माझा नंबर ब्लॉक झाला. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही म्हणून हे पत्र. रजिस्टर्ड आहे, सही करून घ्यावं लागेल.

फोटोत काय होतं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, म्हणजे राजश्रीवहिनीच्या हाती हे पाकीट लागलं तर तिलाही कळेल तिच्या नवऱ्यानं काय केलं ते. फोटोत माझी गिटार होती. निळी, अमेरिकेत बनलेली, कडेला बुद्धपौर्णिमेच्या मेणबत्तीनं पडलेला डाग. गेल्या पावसाळ्यात "पुण्यात सेटिंग करून आणतो, तिथला माणूस लई चांगला आहे" म्हणून तू ती घेऊन गेलास. नंतर रडत फोन केलास की स्वारगेटला गर्दीत कुणीतरी पळवली. तू इतका रडत होतास की मला रडायला जागाच उरली नाही. उलट मीच म्हणाले, "जाऊ दे दादा. तुला काही झालं नाही ना?" पोलिसांत जाऊ म्हटलं तर तू म्हणालास, कशाला, तिथं कोण आपलं ऐकतंय.

त्यानंतर मी दुसरी शोधायला लागले. नव्या गिटारीचा भाव विचारला तर दुकानदार हसला. डॉलर चढला, बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर चढला, कंपन्यांनी स्वतःचे भाव वर चढवले. दहा वर्षांपूर्वी मी ज्या पैशात ती घेतली होती त्यात आता तशी अर्धी गिटारही येत नाही. मग जुन्या वाद्यांचे फोटो टाकणारे लोक बघत बसले. लॅबमधून घरी आलं की हातात मोबाइल. आई म्हणायची, "आगं, डोळं जातील." परवा पुण्यातल्या एका विक्रेत्याच्या पानावर माझीच गिटार माझ्याकडे बघत होती.

मी गिऱ्हाईक म्हणून फोन केला. विचारलं, कुणाची आहे?

"सिंगल ओनर आहे मॅडम. सोलापूरचे एक गायक आहेत, त्यांच्या बहिणीची. लग्नानंतर तिनं वाजवणं सोडलं, तेव्हापासून पडूनच होती. एकदम घरगुती वापर."

घरगुती वापर! अण्णांच्या गायन पार्टीत मी मंगळवेढ्यापासून अक्कलकोटपर्यंत ती वाजवली. अण्णा गेल्यावर तू गायचास आणि मी वाजवायची. आणि लग्न? आईनं डोक्यावर पाट्या वाहून माझ्या लग्नासाठी सोनं जमवलं होतं. मी म्हणाले, सोनं नको, लग्नही नको, मला ती गिटार हवी. आई म्हणाली होती, "सोन्याचा भाव वाढतोय बाय, लाकडाचा कुटं वाढतोय?" बाप असून अण्णांनी तेव्हा माझी बाजू घेतली, आणि ते सोनं मोडून गिटार आली. तू दारात उभा राहून सगळं ऐकत होतास.

म्हणजे तू माझं लग्न विकलंस. आणि विकताना त्या माणसाला सांगितलंस की माझं लग्न झालंय.

मी पोलिसांत जाणार नाही. ते तुला दोन तास बसवतील आणि चहा पाजून सोडतील. त्यानं माझं भागणार नाही. मला तुझं असं काहीतरी घ्यायचं आहे, की ते गेल्याची तक्रार तुला कुठंच करता येणार नाही.

बुद्धप्रिया


सोलापूर, १६ फेब्रुवारी २०२५

यशपाल,

पोचपावतीवर तुझी सही आली. उत्तर आलं नाही. गाण्याखाली तू स्वतःचं नाव फार लांबलचक घालतोस, सही मात्र चोरासारखी आखूड करतोस.

मी त्या विक्रेत्याला अधूनमधून फोन करत होते. दर वेळी त्याचा भाव वर. एकदा म्हणाला, "मॅडम, कंपनीनं पुन्हा रेट वाढवले, म्हणून जुन्या मालाचेही वाढले." एकदा म्हणाला, "तुम्ही विचार करत बसा, बेंगळुरूचं गिऱ्हाईक उभं आहे." मी लॅबमध्ये ॲडव्हान्स मागितला, शिकवणीच्या मुलांच्या पालकांना फी आधी द्या म्हणाले. तोंड वेंगाडावं लागलं. माझीच वस्तू परत घ्यायला मी लोकांपुढं हात पसरत होते, हे तुला कळावं. सगळं जमवून फोन केला तेव्हा ती बेंगळुरूला गेली होती.

तर ती आता नाही. पुन्हा मिळणारही नाही.

पण म्हणून मी वाजवणं सोडीन असं तुला वाटलं असेल, तर तू अजून मला ओळखलं नाहीस. आपल्या मागच्या गल्लीत ज्यांचा हातमाग होता त्यांनी माग मोडून काढला. त्याचं जुनं सागवान अंगणात पडलं होतं. ते मी मागून घेतलं. दिपकची रिक्षा केली आणि कुंभारीला ईरप्पा मिस्त्रीकडे गेले. ढोलकीवाला दिपक आता रिक्षाही चालवतो; तू पार्टी मोडून पुण्याला गेलास, तेव्हा त्यानं आणखी काय करावं?

ईरप्पा कपाटं करतात. मी कागदावर काढलेलं चित्र त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं.

"अक्का, पलंग मागा, देवघर मागा. हे काय हाय?"

"गिटार."

"आत पोकळ न्हाय?"

"नाही, ही भरीव असते. आवाज विजेवर येतो."

"मग लाकडाला काय किंमत? फळीच की!" ते म्हणाले. मग मागाच्या त्या दांड्यावर हात फिरवून कानडीत बायकोला काहीतरी सांगितलं. मला म्हणाले, "करू की. पण बिघडलं तर रागावू नका."

बिघडलंच. पहिल्या गिटारीची दांडी तारा ताणल्यावर धनुष्यासारखी वाकली. ईरप्पांनी दुसरी केली, ती पिळली. ते इतके चिडले की दांडी गुडघ्यावर मोडायला निघाले. शेवटी मी एक स्वस्तातली चिनी गिटार घेतली, तिची दांडी काढली, तिच्यातले तारांचा आवाज पकडणारे चुंबक काढले आणि ईरप्पांच्या सागवानावर बसवले. दिसायला दारासारखी दिसते. वजनाला दाराइतकीच आहे. गळ्यात अडकवली की खांदा भरून येतो.

पण वाजते. माझ्या निळीसारखी गोड नाही, जरा खरखरीत वाजते. सध्या मला तसाच आवाज बरा वाटतो.

काशम्मा, म्हणजे ईरप्पांची बायको, मला म्हणाली, "एवढा जीव कशाला काढता? कुणासाठी चाललंय?" मी म्हणाले, भावासाठी.

तिला ते फार आवडलं. तिनं मला शेंगाच्या चटणीची पुडी बांधून दिली.

बुद्धप्रिया


सोलापूर, २८ मार्च २०२५

यशपाल,

आईला तुझा फोन आला. जयंतीला आपल्या मैदानावर मुख्य गायक म्हणून तुला बोलावलंय, हे तिनं गल्लीभर सांगितलं. तुझं गाणं मोबाइलवर गाजतंय म्हणे. अण्णांचं गाणं. खाली 'गीत : यशपाल' असं लिहिलेलं मी पाहिलं. आईला वाचता येत नाही, हे तुझ्या पथ्यावर पडलं.

साथीला माणसं तुला इथलीच लागणार. आई म्हणाली, "त्यानं लई गयावया केली. काय आसंल त्ये आसंल, अण्णाचं गाणं हाय. वाजव त्याच्यासाटी."

आई म्हणते म्हणून वाजवते. दिपकही येईल.

तालमीसाठी येऊ नकोस. तुझी पट्टी मला माहीत आहे.

बुद्धप्रिया


सोलापूर, १७ एप्रिल २०२५

यशपाल,

तू स्टेजच्या मागच्या शिडीनं उतरून थेट गाडीत बसलास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. आणि मागचंही माहीत नाही. दोन्ही सांगते.

मागचं आधी. अण्णांच्या त्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला आवाज एकदम वर न्यावा लागतो. तुला तो सूर कधीच सापडला नाही. अण्णा असतानाही नाही. एकदा वळसंगच्या कार्यक्रमात तू घसरलास, लोक हसले, तू दोन दिवस जेवला नाहीस. त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली. तू तिथं पोचायच्या अगदी आधी मी तो एकच सूर हलकेच छेडायची. तुझा कान तो उचलायचा आणि तू बरोबर जाऊन बसायचास. लोक टाळ्या वाजवायचे. तुला वाटायचं, तुझ्या गळ्याला मिळाल्या. मी कधी सांगितलं नाही. अण्णांनाही नाही. पुण्याच्या स्टुडिओत हे काम कॉम्प्युटर करतो, म्हणून तिथंही तुला पत्ता लागला नाही.

सोमवारी संध्याकाळी मैदान भरलं होतं. निळे झेंडे, पहिल्या रांगेत नगरसेवक, त्यांच्या शेजारी पांढरं लुगडं नेसलेली आई. पुण्याहून आणलेला चकाकता कोट घालून तू माईक हातात घेतलास. माझ्या गळ्यातलं ते दार बघून हसलास आणि माईकवर म्हणालास, "आमच्या बहिणीनं घरीच सुतारकाम केलंय!" लोक हसले. मला तुझी थोडीफार दया येत होती, तीही त्या क्षणी संपली.

पहिलं कडवं मी मन लावून वाजवलं. दिपकनं ढोलकी अशी लावली की मैदान डोलायला लागलं.

डोईची पाटी ठेव गं खाली,
लेक तुझी ही शाळेत गेली...

दुसरं कडवं आलं. तू डोळे मिटलेस, हात वर केलास. आणि मी तारांवर हात ठेवून त्या बंद केल्या.

तू गेलास वर, पण कुठं गेलास ते तुलाच कळेना. आधी खाली पडलास, मग जोरात वर सरकलास, तिथंही सूर नव्हता. पुन्हा घ्यायला गेलास. मागं वळून माझ्याकडे पाहिलंस. मी पण तुझ्याकडे पाहिलं. तेव्हा तुला समजलं, तुझ्या तोंडावर दिसलं मला. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "मोबाइल लाव की रं तुझा!" तू माईक ठेवलास, कोट सावरलास आणि शिडीनं उतरलास.

मला आनंद झाला. खोटं बोलणार नाही. पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

आता तू गेल्यावर काय झालं ते. मैदानात नुसता गलबला चालला होता. आयोजक माझ्याकडे धावत येत होते, आणि तेवढ्यात खालून आवाज आला. माईकविना, पण कुणाचा ते मला लगेच कळलं. आई उभी होती. पदर खोचलेला, एक हात डोक्याशी, तिथं खरोखरच पाटी असावी तसा.

डोईची पाटी ठेव गं खाली...

अण्णांनी ते गाणं तिच्यावर रचलंय, हे आपल्याला लहानपणापासून माहीत होतं. पण ती ते गाते हे तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं. आवाज फाटका, पट्टी खूप खाली. पण एक सूर इकडेतिकडे नाही. लोक गप्प झाले. नगरसेवक खुर्चीवरून उठून उभे राहिले. माझी बोटं कधी तारांवर गेली ते मला आठवत नाही. दुसऱ्या कडव्याला मी सवयीनं तो सूर आधी छेडला, पण तिला त्याची गरज नव्हती. ती आधीच तिथं पोचली होती.

गाणं संपल्यावर बायांनी तिला गराडा घातला. शेजारच्या राजाबाईनं तिची दृष्ट काढली. मी खाली उतरून तिच्याजवळ गेले. वाटलं होतं, जवळ घेईल.

ती घराकडे चालायला लागली. दारात चपला काढताना म्हणाली, "त्यानं वस्तू इकली. मला म्हाईत हाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"आई हाय मी त्याची. फोनवर रडत हुता तवाच कळलं. चोरी झालेला मानूस आसा रडत न्हाय." मग ती माझ्याकडे वळली. "त्यानं वस्तू इकली. तू भाऊ इकलास. चार मानसांत."

मी तिला उत्तर दिलं नाही. तुला देते. हो, विकला. आणि भाव चांगला आला.

बुद्धप्रिया


सोलापूर, २९ जुलै २०२५

यशपाल,

मे महिन्यात तुझं पत्र आलं होतं. मी ते पुष्कळ वेळा वाचलं आणि मुद्दाम उत्तर दिलं नाही. तू वाट बघावीस अशी इच्छा होती.

स्टुडिओत भागीदारी घ्यायला पैसे कमी पडले म्हणून विकली, असं तू लिहिलंस. गाण्याला पैसे मिळाले की तशीच दुसरी घेऊन परत द्यायची, मला पत्ताही लागू द्यायचा नाही, असं ठरवलं होतंस. मग पैसे जमेपर्यंत भाव वाढले. आणखी जमवलेस, आणखी वाढले. 'मी धावत होतो प्रिया, आणि ती माझ्या पुढं पळत होती,' असं लिहिलंस. हे वाक्य चांगलं आहे. अण्णांच्या खालोखाल. आणि ते खरं असेल असंही मला वाटतं. पण चोरलेली वस्तू परत ठेवायचा विचार प्रत्येक चोराच्या मनात एकदा तरी येत असेल. त्यानं चोरी कमी होत नाही.

अण्णांचं नाव गाण्याखाली घातलंस, हे मी पाहिलं. 'गीत : हरिदास.' ते योग्य केलंस. त्याचे आभार मानणार नाही.

परवा रविवारी तू आलास. मी लॅबमध्ये होते. घरी आले तर तू परत निघून गेला होतास आणि आईच्या खाटेवर काळी पेटी होती. आईनं तिला हळदीकुंकू लावलं नव्हतं एवढंच, बाकी सगळं केलं होतं. बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती, पेटीवर झेंडूची फुलं. ती मला धरून आत घेऊन गेली.

"बघ. आणली का न्हाय त्यानं? कर्ज काडलंय म्हणं. बायकूचं गंठण ठिवलंय. उघड की."

मी उघडली. निळी. तोच निळा रंग शोधायला तू किती फिरला असशील ते मला दिसलं.

मी ती उचलली, आणि उचलताक्षणीच कळलं. हलकी. दांडीच्या टोकावर कंपनीचं नाव बरोबर लिहिलेलं, पण नखानं खरवडलं तर कड सुटते, चिकटवलेलं आहे. मागचे स्क्रू निराळे. खुंट्या चार पिळात सैल पडतात. नकली आहे यशपाल. चिनी अंगावर अमेरिकेचं नाव. भाव असे चढल्यापासून ही नवीच दुकानदारी सुरू झालीय. खरी परवडत नाही त्याला खऱ्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त भावात देतात, आणि माणूस फायद्यात पडलो म्हणून नाचत घरी जातो. तुला वाटलं असेल, नशिबानं हात दिला. विकणारा म्हणाला असेल, अडचण आहे म्हणून काढतोय, सिंगल ओनर, घरगुती वापर.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तसलीच हाय न्हवं?"

दारात दिपक होता, त्याच्या मागं राजाबाई. सगळे थांबलेले. मी एक शब्द बोलले असते तर तू पुन्हा त्या शिडीनं उतरला असतास, आणि या वेळी आईच्या डोळ्यांदेखत, आईच्या मनातून.

मी म्हणाले, "व्हय आई. तसलीच."

तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मग चुलीकडे गेली आणि पुरणाला डाळ टाकली.

हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. तिनं पाट्या वाहून जमवलेल्या सोन्याची गिटार गेली, हे तिनं एकदा सोसलंय. सुनेचं गंठण गहाण ठेवून आणलेलीही खोटी निघाली, हे तिला सोसायला लावण्याइतकी मी वाईट नाही. पण तुला मात्र सगळं सांगायचं ठरवलं. वहिनीचं गंठण कशापायी गहाण पडलंय ते तुला माहीत असलं पाहिजे. कुणीतरी विश्वासानं सांगतो आणि आपण डोळे झाकून ऐकतो, मग हातात काय येतं, ते आता तुला मी न समजावताच कळेल. त्या विकणाऱ्याला शोधू नकोस. त्याचा फोन लागणार नाही. पेटीतल्या चिठ्ठीवरचा नंबर मी लावून बघितला.

आईला सांगायचं नाही. वहिनीला सांगायचं की नाही ते तू बघ.

कार्यक्रमांना मी ईरप्पांचीच वाजवते. परवा एका मंडळाच्या पोरांनी विचारलं, असली कुठं मिळते? ईरप्पांकडे आता तिघांच्या ऑर्डरी आहेत. कपाटं लांबणीवर पडलीत म्हणून काशम्मा माझ्यावर चिडलीय. निळी मात्र घरात राहील, आईच्या खाटेशेजारी, कारण आईला ती तिथं हवी आहे.

येत्या रविवारी आई तुला आणि वहिनीला जेवायला बोलावणार आहे. तू यायचंस. जेवण झालं की ती म्हणेल, "प्रिया, दादानं आणलेली वाजव की." मी वाजवीन. अण्णांचंच गाणं, सगळी कडवी. त्या गिटारीचा वरचा सूर फुटका येतो, कितीही लावली तरी. आधी तुला ते कळलं नसतं. आता सांगितलंय, म्हणजे ऐकू येईल. आई तुझ्याकडे बघत असेल. तू हसायचं, मान डोलवायची, आणि संपल्यावर म्हणायचं, वा.

बुद्धप्रिया